सात हजारांची चार लाइफ जॅकेटं: वर्षभराच्या वापरानंतर

आधी आकडा सांगते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही ते मोकळे. मोठ्यांची तीन जॅकेटं प्रत्येकी १,८५० रुपये, लहान मुलांचं एक १,५००. एकूण सात हजार पन्नास. एवढ्या पैशांत तारकर्लीला अजून एक रात्र राहून सुरमईची थाळी खाऊन झाली असती, हे मला घरातल्या दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या दिवशी ऐकवलं. सासूबाईंनी तर खोकं उघडल्या उघडल्या विचारलं, "अगं, आपण फिरायला चाललोय की बोटीवर कामाला?"

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या दुकानात तीन कंपन्यांची जॅकेटं शेजारी शेजारी टांगलेली होती आणि डोळे मिटून हात घातला असता तर कुठलं कुणाचं हे मलाही सांगता आलं नसतं. फरक आतल्या लेबलात असतो. त्याच्याकडे येतेच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते खरेदीच्या आदल्या दिवाळीत. कोकणातलीच एक खाडी, एक बोट, नावं राहू देत. बोटीत जॅकेटं होती, म्हणजे मोजायला होती. लेकीला जे मिळालं ते मोठ्या माणसाचं. ती तेव्हा सात वर्षांची. घातल्यावर तिचं डोकं कासवासारखं आत गेलं आणि बाहेर फक्त दोन वेण्या राहिल्या. माझ्या जॅकेटाचं बकल तुटलेलं, तिथे सुतळीची गाठ. फोम इतका मुरलेला की दाबला की दबूनच राहायचा, वर येतच नव्हता. मी कुरकुर केली तर खलाशी म्हणाला, "ताई, पुढे पोलिसांची बोट दिसली की घाला, तोवर मांडीवर ठेवा." दीड तासाच्या त्या फेरीत मी काय पाहिलं असं विचाराल तर लेकीचं मनगट. ते मी दीड तास धरून बसले होते. किनाऱ्यावर उतरल्यावर नवरा म्हणाला, "तो खंड्या काय सुंदर होता ना?" कुठला खंड्या?

घरी येऊन मी ऑनलाइन चार जॅकेटं मागवली. ५९९ रुपयांना एक. फोटोत एक हसरं कुटुंब डोंगरातल्या ओढ्यात उभं. आली तेव्हा दिसायला छानच होती, निळी, हलकी, पोटाशी खिसाबिसा. कॉलरच्या आत मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं की हे पोहण्याच्या सरावासाठी आहे, जीव वाचवण्याचं साधन नव्हे. मी बँकेत नोकरी करते. बारीक अक्षरं वाचायची सवय आहे म्हणून सापडलं. चारही परत पाठवली.

मग एका ओळखीच्या गृहस्थांनी दारूखान्याकडचा रस्ता दाखवला. मुंबईत रे रोडच्या बाजूला जहाजांचं सामान मिळतं तो भाग. नांगर, दोरखंड, पितळी दिवे, आणि सगळीकडे ग्रीसचा वास. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "वजन सांगा, वय नको." मोठ्यांना मोठं आणि मुलांना छोटं एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने 'सोलास' छापलेलं जॅकेट काढलं. जहाजांवरच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्याचं हे नाव. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली पहिल्यांदा झाला तोच. मुलांच्या जॅकेटावर १५ ते ४३ किलो असं लिहिलेलं होतं. लेक २४ किलोंची, त्यामुळे अजून काही वर्षं चालेल. नवऱ्याला गडद निळं हवं होतं, फोटोत बरं दिसतं म्हणून. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, समुद्राचा रंग कुठला असतो?" भगवी चार बांधून घेतली.

ज्यांना नुसती किंमत बघून घ्यायची सवय आहे त्यांच्यासाठी थोडं. माझा समज होता की साठ किलोंच्या माणसाला तरंगवायला साठ किलोंचा फोम लागतो. तसं नाही. पाण्यात बुडालेल्या माणसाचं वजन जेमतेम तीन-पाच किलो उरतं, बाकीचं पाणीच उचलून धरतं. जॅकेटवर न्यूटन नावाचा आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोंची उचल, १०० म्हणजे दहा. पन्नासवालं पोहता येणाऱ्या, शुद्धीत असलेल्या माणसाला आधार देतं. शंभरच्या वरचं, मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट माणूस बेशुद्ध पडला तरी त्याला उताणा करून तोंड पाण्याबाहेर ठेवेल अशा बेताने बनवतात. पैसे त्या कॉलरचे आणि छातीवरच्या जाड फोमचे आहेत. सोलासच्या जॅकेटाला आणखी एक अट असते: चोवीस तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं तरी त्याची उचल पाच टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये. सुतळीवालं ते जॅकेट या परीक्षेला बसवलं असतं तर थेट तळाशी जाऊन बसलं असतं, असं माझं प्रामाणिक मत.

हवेने फुगणारीही मिळतात. पट्ट्यासारखी गळ्यात घालायची, दोरी ओढली की छोट्या सिलिंडरमधल्या गॅसने फुगतात. दिसायला झकास, डिकीत जागा खात नाहीत. पण सिलिंडर एकदा वापरला की नवा आणायचा, दरवर्षी तपासायचा, आणि घाबरलेल्या माणसाने दोरी ओढायची. आमच्या घरात गॅसचं रेग्युलेटर बंद केलं का यावरून रोज वाद होतो. नकोच म्हटलं.

माझं माहेर मालवण तालुक्यातलं. डिसेंबरात तिकडे गेलो तेव्हा जॅकेटं बघून मामा खोखो हसला. मामा आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होता. "बोटीर जाकिटां गावतत, तू ही गोधडी कशाक हाडलंस?" म्हणजे बोटीवर मिळतात की, ही कशाला आणलीस. तरी चाचणी घ्यायला सगळ्यात आधी तोच उठला. आमच्या आवाठातली, म्हणजे वाडीतली, बाव (विहीर) पायऱ्यांची आहे, चिऱ्याने बांधलेली, डिसेंबरात पाणी भरपूर असतं. याच बावीत मी पोहायला शिकले, पाठीला वनस्पती तुपाचा रिकामा डबा बांधून. माझ्या आईच्या वेळी पांगाऱ्याचं लाकूड असायचं. तर त्याच पायरीवरून नवऱ्याला जॅकेट घालून उतरवलं. कमरेला दोर, दोराचं टोक भाच्याच्या हातात. सांगितलं की पालथा पड आणि मेल्यासारखा राहा. पडला. क्षणभर नुसती पाठ दिसली, मग एक खांदा वर आला, आणि माणूस आपसूक उताणा. नाकातोंडात पाणी नाही. पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो नाही म्हणाला, पाणी गार होतं.

लेकीची चाचणी जास्त उपयोगाची ठरली. मुलांच्या जॅकेटाला एक पट्टा मांड्यांमधून घ्यायचा असतो. तिला तो टोचतो, म्हणून पहिल्यांदा बांधला नाही. पाण्यात उतरली आणि जॅकेट सुळकन वर, कानांपर्यंत. ती खाली, जॅकेट वर, हनुवटी बकलात अडकलेली, आणि दोन्ही हात जॅकेट खाली ओढण्यात गुंतलेले. मी तिच्या शेजारीच पाण्यात होते तरी पोटात गोळा आला. पट्टा बांधून परत उतरवली तर बदकासारखी तरंगत गाणं म्हणायला लागली. हे जमिनीवरही बघता येतं: जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायचे आणि दुसऱ्याने खांद्यांना धरून वर उचलून बघायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्या मुलाचं जॅकेट नव्हे. आता मी कुठल्याही बोटीवर दुसऱ्यांच्या पोरांचेही खांदे उचलून बघते. लोक जरा विचित्र नजरेने बघतात.

सासूबाई पाचवारी नेसतात आणि पाण्यात उतरायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांचं जॅकेट काठावरच घालून बघितलं. पदर आधी कमरेला घट्ट खोचायचा आणि जॅकेट त्याच्यावर. पदर वरून घेतला तर बकल सापडत नाही. मंगळसूत्र आत. मोठ्यांच्या जॅकेटाला मांड्यांमधला पट्टा नाही, कमरेचा आहे, तेवढ्याने निभावलं. साड्या नेसणाऱ्या बायकांचा विचार हे बनवणाऱ्यांनी केलेला नाही ही माझी तक्रार नोंदवून ठेवते. ओली साडी पायात कशी गुंडाळते हे नदीवर कपडे धुतलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

पहिला खरा वापर मालवण धक्का ते सिंधुदुर्ग किल्ला. अंतर थोडं, पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. बोटीवर जॅकेटं होती, बऱ्यापैकी होती, आणि घालायलाच लावत होते, हे आवर्जून सांगायला हवं. आमची आम्ही धक्क्यावरच चढवली. कारण घोळ होतो तो चढता-उतरताना. बोट वर-खाली होत असते, माणूस एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात वडापाव घेऊन पाय टाकतो, आणि धक्का आणि बोट यांच्यामधली फट नेमकी तेव्हा रुंदावते. आमच्या पुढच्या एका काकांचा पाय असाच फटीत गेला. खलाशाने काखेत हात घालून उचललं म्हणून, नाहीतर नडगी गेली होती. दोन्ही हात मोकळे, खलाशाचा पंजा नव्हे, मनगट धरायचं, आणि उडी मारायची नाही. एवढंच, पण तेवढं होत नाही.

किल्ल्यावर जॅकेटं सॅकला बांधून फिरलो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. लेकीने तिन्हींत डोकावून विचारलं, "यातपण टेस्ट करायची?"

दुसऱ्या दिवशी देवबाग. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तो संगम, आणि पुढे डॉल्फिन. जायचं कधी ते मामाने ठरवलं. त्याच्याकडे अॅप नाही, तिथी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. त्या दिवशी दशमी, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती. "सात वाजता भायर पडा, नवाच्या आत परत." कारण ओहोटीत नदीचं पाणी जोराने बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट येते, आणि दोघांची टक्कर नेमकी संगमाच्या तोंडावर. तिथे लाट आखूड आणि उभी होते, छोट्या बोटीला ती वाईट. शिवाय थंडीत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी ताटासारखं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की तेच पाणी उकळायला लागतं. हॉटेलवाला आम्हाला चारची वेळ देत होता, सूर्यास्त दिसेल म्हणून. सूर्यास्त किनाऱ्यावरून बघितला.

बोट मामाच्या ओळखीची, पण ओळख म्हणून मी गप्प बसले नाही. बाजूवर रंगवलेला माणसांचा आकडा वाचला आणि आत बसलेली डोकी मोजली. इंजिनाला लाल पिळाची दोरी होती, किल स्विच म्हणतात तो; चालवणाऱ्याने ती मनगटाला अडकवली होती. तो पाण्यात पडला तर दोरी निघते, इंजिन बंद पडतं, आणि पंखा फिरत राहून बोट त्याच्याच अंगावर येत नाही. अनेक ठिकाणी ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली बघितली आहे. इथे ती मनगटावर दिसली आणि निम्मी काळजी मिटली.

डॉल्फिन दिसले तेव्हा व्हायचं तेच झालं. "ते बघ, ते बघ!" आणि अख्खी बोट डावीकडे. कड पाण्याला टेकायला आली. तांडेल ओरडला, "एका बाजूक जाव नकात! बसान ऱ्हवा!" बोटीतले सगळे पटकन बसले, एक जण सोडून. तो उभ्याने व्हिडिओ करत होता. त्याला सासूबाईंनी बसवलं, खांद्यावर हात ठेवून, "बाळा, खाली बस, तुझी आई वाट बघत असेल." बसला.

आणि मग मी चक्क पाहिलं. लेक माझ्या शेजारी, तिचा हात तिच्याकडे, माझा माझ्याकडे. करड्या पाठी पाण्यातून वर यायच्या आणि काहीही आवाज न करता परत आत जायच्या. एकदा एक पाठ इतक्या जवळ आली की फूस्स करून सोडलेला श्वास ऐकू आला. वर एक घार, छाती पांढरी, बाकी विटकरी. संगमापाशी दोन रंगांच्या पाण्यामधली रेषा दिसली, नदीचं हिरवट आणि समुद्राचं निळं. माहेरच्या तालुक्यातली जागा, पण ही रेषा मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली.

परतताना मी माझं जॅकेट सैल केलं, उकडत होतं. मामा धक्क्यावर उभा होता. त्याने लांबूनच बघितलं आणि उतरल्यावर म्हणाला, "पुढच्या खेपेक गाडयेतच ठेव. गाडी तरंगतली, तू नाय." आधी गोधडी म्हणणारा माणूस हाच. त्याला त्याचं कारण आहे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ येऊन उलटली, दोन पर्यटक गेले. किनाऱ्याजवळ येऊन. मुंबईकरांना १८ डिसेंबर २०२४ आठवत असेलच, एलिफंटाला निघालेल्या फेरीबोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली तो दिवस. समोरून काय येणार हे प्रवाशाच्या हातात नसतं, आणि त्या घडीला जॅकेट शोधायलाही वेळ नसतो.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर कुणाला खरं वाटणार नाही. एक, उकडतं. डिसेंबरच्या सकाळी ठीक, उलट सासूबाईंनी ते स्वेटरसारखं दुपारपर्यंत काढलंच नाही. पण मे महिन्यात मांडव्याच्या बोटीवर अर्ध्या तासात पाठ चिंब झाली. दोन, चार जॅकेटांत गाडीची डिकी संपते आणि मग आंब्याची पेटी पायाशी. तीन, कॉलरची कड मानेला घासते. लेकीच्या मानेवर लाल वळ उठला होता, आता आत सुती रुमाल गुंडाळतो. चार, शिट्टी. प्रत्येक जॅकेटला शिट्टी असते, आत गोटी नसलेली, म्हणजे भिजली तरी वाजते. फार वाजते. कुडाळ ते कणकवली वाजली. शेवटी 'ही फक्त पाण्यात पडल्यावर' असा कायदा करावा लागला, आणि तो चार वेळा समजवावा लागला.

जॅकेट करत नाही ती कामं वेगळी करायची. अॅव्होमिनची गोळी बोटीत बसायच्या तासभर आधी, ओकारी सुरू झाल्यावर नव्हे. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर साठवलेला. निघतो कधी आणि परत कधी हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगितलेलं. मुलांच्या दंडात घालायचे ते फुगे घरच्या टबासाठी, बोटीत त्यांचा काही उपयोग नाही.

पाचपैकी चार तारे देते. वर्षभरात सहा फेऱ्या झाल्या. भगवा रंग किंचित उतरला आहे, शिवण कुठे उसवली नाही, चमकणारी पट्टी टॉर्च मारला की अजून लखलखते. दर वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते, उन्हात नाही. त्यावर बसायचं नाही, कारण फोम एकदा दबला की त्याची उचल जाते. हा नियम नवऱ्याने एकदाच मोडला, क्रिकेटची मॅच बघताना पाठीला घेऊन. तेव्हापासून जॅकेटं माळ्यावर, लोखंडी पेटीच्या वर. खाली कधीच नाही.

मागच्या महिन्यात शेजारणीने अलिबागला जाताना दोन मागून नेली. परत आली ती स्वच्छ घडी करून, पण एका बकलात वाळू भरलेली. दाबलं तर कर्रकर्र, बंदच होईना. नळाखाली धरून टूथब्रशने काढली. यापुढेही देईन, पण सोबत जुना टूथब्रशही देईन.